दिसलं, सर

आमच्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांचा एक प्रश्न ठरलेला होता, "समजलं का?" त्यावर वर्गाचं उत्तरही ठरलेलं, "होऽऽ सर." या दोन वाक्यांवर शाळा वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती. मग भालेराव सर विज्ञानाला आले आणि त्यांनी नसती कटकट सुरू केली. ते विचारायचे, "दिसलं का?"

शाळा अहमदपूर तालुक्यातली, कंधारच्या वाटेवरच्या एका गावातली. मी तिथं मराठीची बाई. माझ्या विषयात दिसायचं असं काही नसतं, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. सर रुजू झाले त्याच आठवड्यात माझ्यापुढं येऊन उभे राहिले. उंच, काळेसावळे, पांढरा शर्ट, आणि हातात एक कांदा.

"बाई, कान तुटलेला कप हाय का घरी?"

"आहे. का?"

"ह्याला बसवायचंय."

दुसऱ्या दिवशी मी कप आणला. सरांनी त्यात पाणी भरलं, कांदा कपाच्या तोंडावर असा ठेवला की त्याचं बूड तेवढं पाण्याला टेकावं, आणि कप प्रयोगशाळेच्या खिडकीत नेऊन ठेवला. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि ती खिडकी. हळूहळू खिडकीत कप, पेले, मुरंब्याच्या बरण्या अशी रांग लागली आणि प्रत्येकावर एकेक कांदा बसला. "भालेराव, भजी कधी?" हा स्टाफरूममधला विनोद त्या वर्षी जो सुरू झाला तो शेवटपर्यंत चालला. सर हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. कांद्याला पांढरी मुळं फुटली की सकाळी प्रार्थनेआधी येऊन ती ब्लेडनं कापायचे आणि त्यांच्या टोकांची खटपट करत बसायचे. मुळाचं टोक वाढत असतं, म्हणून तिथल्या पेशी फुटत असतात, एकीच्या दोन होत असतात. ते पोरांना प्रत्यक्ष दाखवायचं, एवढाच त्या माणसाचा हट्ट होता.

"सर, पुस्तकात चित्र आहे की," मी एकदा म्हटलं.

"पुस्तकातली पेशी म्हंजे फोटोला नटून बसलेली पेशी, बाई. खरी बघितली तर गोंधळ असतोय सगळा. त्या गोंधळातनं वळखायचं असतंय."

त्यांनी स्वतः ती पाहिली होती नांदेडला, कॉलेजात असताना. रांगेत ते शेवटचे होते आणि प्रोफेसरांना घरी जायची घाई होती. एक नजर टाकायला मिळाली तेवढीच. तेवढ्यावर हा माणूस विज्ञानाचा मास्तर झाला. "आमच्या घरात माझ्या आधी कुणी काही बघितलंय कुठं?" एकदाच म्हणाले होते. "लांब ऱ्हावा, एवढंच आयकत आलेली माणसं."

त्यांच्या खिशात दोन रुमाल असायचे. एक घडी न मोडलेला, फक्त भिंग पुसायला. दुसरा कधी कुणी पाहिला नाही, कारण घाम ते शर्टाच्या बाहीलाच पुसायचे. माझा समज असा की दुसरा रुमाल पहिल्याला सोबत म्हणून असावा.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादेतून आम्ही वेगळे निघालो म्हणून गावात हलगी वाजली, पेढे वाटले, हेडमास्तर बिराजदार सरांनी भाषण केलं की आता सगळं जवळ आलं. पेढा खाता खाता भालेराव सर माझ्या कानाशी म्हणाले, "पेशी फुटायच्या आधी आतलं समदं दुप्पट करून घेती, बाई. मग वाटणी करती. आपल्यात वाटणी आधी झाली. आता दुप्पट करायला हाय काय?" खरंच काही नव्हतं. नवा जिल्हा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, होतं असं एखाद्या साली. पुढच्या वर्षी कुणी काही म्हणेनासं झालं. शाळेचा हापसा हवा ओढायला लागला आणि गावात टँकर सुरू झाला.

त्याच साली त्यांनी दहावीला पेशीविभाजन मैदानात शिकवलं. पोरांच्या जोड्या लावल्या, मुलग्यांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या, आणि जोडीतल्यांचे हात एकमेकांना रुमालानं बांधले. ही गुणसूत्रं. आधी सगळ्यांनी मैदानात कसंही फिरायचं, ती पूर्वावस्था. शिट्टी झाली की मधल्या रेषेवर रांगेत उभं राहायचं, ती मध्यावस्था. मग दोन्ही टोकांना उभ्या असलेल्यांनी दोऱ्या ओढायच्या, रुमाल सोडायचे, जोड्या फुटून निम्मे इकडं आणि निम्मे तिकडं. ती पश्चावस्था. टोकाला जाऊन गोल करून बसलं की अंत्यावस्था, आणि एका वर्गाचे दोन वर्ग. पारावरची म्हातारी माणसं सगळं काम सोडून बघत होती, म्हणजे काम नव्हतंच. एकजण म्हणाला, "मास्तर फुगडी शिकवून राहिले काय?"

संध्याकाळी गावातले एक वजनदार गृहस्थ शाळेत आले. त्यांच्या पोराचा हात खालच्या वस्तीतल्या पोराच्या हाताला बांधला होता. आवाज चढवून म्हणाले, "कामून बांधलं वो आमचं लेकरू त्याला?"

भालेराव सर शांतपणे म्हणाले, "काळजी करू नका. पुढच्या अवस्थेत तोडलंय."

गृहस्थ समाधानानं घरी गेले. मी हसले, सर मात्र हसले नाहीत. खिडकीतल्या कांद्याचं पाणी बदलत राहिले.

ते पाणीही आता गावाच्या डोळ्यांवर आलं होतं. टँकरपाशी बायका मला ऐकवायच्या, "आवो बाई, माणसाला प्याला न्हाई आन तुमचे मास्तर कांद्याला पाजून राहिलेत." म्हणून सरांनी आपल्या वाट्याचा तांब्या कांद्यांना द्यायला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात ते कुणाच्याही घरी गेले की चहाला नाही म्हणायचे नाहीत, याचं कारण मला नंतर कळलं.

शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता, निजामाच्या अमदानीतला, पितळी. खाली आरसा, तो उन्हाकडं वळवला की उजेड वर भिंगात जायचा. आरशाचा स्क्रू ढिला होता आणि धक्का लागला की आरसा मान टाकायचा. एका सकाळी सरांनी मुळाचं टोक रंगात बुडवून, काचेवर चिरडून, पेशी शोधून काढली आणि सगळ्या वर्गाला रांगेत उभं केलं. एकेक पोरगं वाकायचं, सर विचारायचे, "दिसलं का?" आणि पोरगं म्हणायचं, "दिसलं, सर." मागच्यानंही तेच, त्याच्या मागच्यानंही तेच. गुरुजींना नाही कसं म्हणायचं? आमच्याकडं घरी आलेल्या पाहुण्याला जेवण आवडलं नाही असं कुणी सांगत नाही, तसंच हे.

मीही वाकले. "मला माझ्या पापण्या दिसल्या," मी म्हटलं.

"चला, एक तरी खरं बोललं," सर म्हणाले.

दुसरं खरं बोलली ती कौशी. गावात राम्या शिंपी म्हणून होता, त्याची पोर कौशल्या. ती वाकली, बराच वेळ वाकून राहिली, मग सरळ होऊन म्हणाली, "न्हाई दिसलं, सर."

वर्ग हसला. सरांनी भिंगात पाहिलं. उन्हानं काचेवरचा थेंब सुकून गेला होता आणि पेशींचा नुसता लाल चुरा उरला होता. म्हणजे निम्म्या वर्गाला जे दिसलं होतं ते नव्हतंच. बापाच्या मशीनच्या सुईत दोरा ओवून द्यायचं काम करणारी पोर ती. तिला दिसलं नाही म्हणजे नव्हतंच.

सरांचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा उजळलेला पाहिला. "कौशे, तुला दाखवल्याबगर सोडत न्हाई बघ," ते म्हणाले. पोरीनंही मान डोलावली, जणू सौदा झाला. तेव्हापासून रोज सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी थांबायची. कधी मुळं सडलेली निघायची, कधी रंग चढायचा नाही, कधी ढग यायचे, तेही पाऊस न देता. सर विचारायचे, "दिसलं का?" आणि ती म्हणायची, "न्हाई, सर." हे 'न्हाई' ऐकायला सर जिवाचा कान करायचे. मला वाटतं, या गावात आपण कुणालातरी काहीतरी शिकवलं, याचा तेवढाच एक पुरावा त्यांच्याजवळ होता.

मग नव्या जिल्ह्याकडून नवा सूक्ष्मदर्शक आला. लाकडी पेटीत, तीन भिंगांचा. सर लहान पोरासारखे पेटीभोवती फिरले. पण बिराजदार सरांनी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "फुटलं बिटलं तर कोण भरून देणार? आन पूजा झाल्याबिगर नवी वस्तू काढायची न्हाई. खंडेनवमीला पूजा करू, मग वापरा खुशाल." खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या अवजारांची पूजा होते. शेतकरी विळाकोयता मांडतो, शिंप्याच्या मशीनला झेंडूचा हार पडतो, आणि शाळेत घंटा, नकाशे, कंपासपेट्या मांडतात. दोन-अडीच महिने सर थांबले.

दसऱ्याला ते गावात नसायचे. दरवर्षी आईला घेऊन नांदेडमार्गे नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. ते कधी चुकलं नाही. निघताना हेडमास्तरांना सांगून गेले, "पूजा करा, सर. नारळ फोडा. फक्त भिंगाला हात लावू नका."

मी त्या पूजेला होते. बिराजदार सरांनी घंटेला कुंकू लावलं, नकाशाला लावलं, आणि ओलं बोट सूक्ष्मदर्शकाकडं नेलं. मी म्हटलं, "सर, भिंगाला नको म्हणालेत ते."

"बाई, बघायचं काम कोण करतंय? भिंगच ना? मग मान कुणाचा?" आणि त्यांनी तिन्ही भिंगांना भक्तिभावानं हळदकुंकवाची बोटं लावली. वर नारळाचं पाणी शिंपडलं.

संध्याकाळी त्यांनाही चुटपूट लागली. त्यांनी शिपाई मारोतीमामांना सांगितलं, भालेराव यायच्या आत चकाचक करून ठेव. मामा कामाला पक्के. त्यांनी चुलीतली राख घेतली आणि घरची तांब्याची घागर घासावी तशी ती तीन भिंगं घासली, चकाकेपर्यंत.

सर परत आले, पेटी उघडली, भिंग उजेडाकडं धरलं. मग तो घडीचा रुमाल काढला आणि पुसत बसले. मी बघत होते. काचेवर चरेच चरे होते, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी ती पांढुरकी पडली होती. रुमालानं काही होणार नाही हे त्यांना पहिल्या फटक्यातच कळलं असणार, तरी पुसत होते. मारोतीमामा दारातून कौतुकाच्या अपेक्षेनं विचारत होते, "निघालं का न्हाई सर समदं कुंकू?"

"निघालं, मामा," सर म्हणाले. बिराजदार सरांनी पेटी पुन्हा कपाटात ठेवली. "कपाटात हाय ना? मग हाय," ते म्हणाले. तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनीही तो कपाटाच्या काचेबाहेरूनच पाहिला आणि ते खूश होऊन गेले.

त्याच आठवड्यात कौशी प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाली, "सर, माझं ठरलं. तुळशीचं लगीन झालं की."

सर तिच्या बापाकडं गेले आणि मलाही घेऊन गेले. राम्या शिंप्याच्या मशीनवर धूळ होती. दुष्काळात नवे कपडे शिवतो कोण? त्यानं आम्हाला बसायला दिलं, पाणी मात्र विचारलं नाही आणि ते आम्ही मनावर घेतलं नाही.

"दहावी तर होऊ दे लेकराची," सर म्हणाले. "चार महिन्यांचा प्रश्न हाय."

"तुमचं खरं हाय, सर. पर तिकडं त्येंच्या हिरीला पाणी हाय. हितं पोरगी घागर घिऊन त्या तिकडच्या वस्तीवर जाती, रातच्याला तिचे पाय दाबावं लागतेत मायला. पाण्यावर देऊन राहिलो तिला, दुसरं काय बी बघितलं न्हाई." मग थोडं थांबून म्हणाला, "शाळंनं पाणी येतंय का, सर? येत असलं तर सांगा, आत्ता मोडतो."

सर एवढंच म्हणाले, "मग लग्नाआधी एकदा शाळेत पाठवा. एक दाखवायचं राहिलंय."

"पाठवतो की."

सर नांदेडला गेले. कॉलेजात तयार काचपट्ट्या असतात, पक्क्या रंगवलेल्या, न सुकणाऱ्या. त्यातली एक मागून आणायची, ती जुन्या पितळी यंत्राखालीही दिसली असती. पण प्रोफेसर गावाला गेले होते. त्यांची वाट बघत सर तिथं अडकून पडले. परत आले तेव्हा काचपट्टी काडेपेटीत कापसावर ठेवून, शर्टाच्या आतल्या खिशात जपून आणली होती. यंत्राला लावून त्यांनी आधी मला बोलावलं.

मी वाकले आणि खरंच दिसलं. कुंकवासारखे लाल दोन गुच्छ, एकमेकांपासून ओढले जात असलेले, दोन्हीकडून कुणी दोऱ्या धरल्यागत. आजूबाजूला सगळा गोंधळ, आणि मध्येच हे इतकं शिस्तीत. मला का कोण जाणे, भरून आलं. "दिसलं, सर," मी म्हटलं. ते म्हणाले, "आता कौशीला बोलवा."

कौशीला सकाळीच हळद लागली होती. हळद लागलेली नवरी घराबाहेर पाऊल टाकत नाही.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. सर त्यानंतर फार दिवस आमच्याकडं राहिले नाहीत. बदली मागून हिमायतनगरकडं गेले, तिथंच निवृत्त झाले असं ऐकलं. जायच्या आधी त्यांनी दहावीला पेशीविभाजन फळ्यावर शिकवलं. चार गोल, चार नावं. पोरांनी ते इतके सुरेख काढले की त्या प्रश्नाला सगळ्यांना पुरे गुण पडले, आणि बिराजदार सरांनी त्यांचा नारळ देऊन सत्कार केला. खिडकीतले कप मी घरी नेले. पण मला कुणी भालेराव सरांबद्दल विचारलं की ते सत्कारातले आठवत नाहीत. मला तो मांडव आठवतो.

नवरी बाहेर येत नाही म्हटल्यावर सरांनी यंत्र खांद्यावर घेतलं. मी मागोमाग निघाले. राम्या शिंप्याच्या दारात मांडव पडला होता. मांडवाखाली सावली, आणि आरशाला ऊन पाहिजे. मग राम्यानं आपलं मशीन मांडवाच्या कडेला ओढलं आणि त्याच्या फळीवर सरांनी यंत्र ठेवलं. आरसा उन्हाकडं वळवला. भिंग खालीवर करत पेशी शोधली. घाम डोळ्यांत उतरत होता आणि ते बाहीला पुसत होते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. "मास्तर, नवरीचं फोटू काढता काय?"

कौशीला आणलं. हळदीनं पिवळी, हिरव्या बांगड्या, कपाळाला मुंडावळ्या. पंधरवड्यापूर्वी ही पोर दोन वेण्या घालून दाराशी उभी असायची.

"हात लावू नको," सर म्हणाले. "नुसतं बघ. मध्यभागी."

ती वाकली. मुंडावळीची एक लड खाली लोंबत आरशात अडकली. "अगं, तुटंल!" म्हणत मावशीनं ती ओढून सोडवली, आणि त्या झटक्यानं आरशानं मान टाकली. तो जमिनीकडं वळला. मी बाजूला होते, मला ते स्वच्छ दिसलं. सरांना दिसलं नाही. ते तिच्या चेहऱ्याकडं बघत होते.

आत आता काळोख असणार. ती बराच वेळ वाकून राहिली, पहिल्या दिवशी राहिली होती तशीच.

"दिसलं का?" सरांनी विचारलं.

कौशी सरळ झाली. तिनं सरांकडं पाहिलं. खांद्यावर यंत्राचा वळ उठलेला, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, आणि सगळी बायामाणसं हसत असताना हा एक माणूस तिच्या उत्तराची वाट बघत उभा. मग तिनं मावशीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं.

"दिसलं, सर," ती म्हणाली.

सरांचा चेहरा उजळला. तेवढ्यात आतून हाक आली आणि बायकांनी तिला घरात नेलं. दारापाशी तिनं एकदा मागं वळून बघितलं. सर यंत्रापाशी वाकले, काचपट्टी काढण्याआधी एकदा शेवटचं बघावं म्हणून असेल. आणि वाकलेलेच राहिले. मी आरसा सारखा करायला हात पुढं केला. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग काचपट्टी काडेपेटीत ठेवली, यंत्र उचललं आणि राम्याला नमस्कार केला.

आम्ही शाळेकडं निघालो. ओढा कोरडा होता, त्यातूनच पायवाट पडली होती. शेवटी न राहवून मी म्हटलं, "सर, आरसा फिरला होता."

"ठाव हाय."

"तिला—"

"तिलाबी ठाव होतं."

ते पुढं चालत राहिले, खांद्यावर यंत्र आणि मागं मी. शाळेचं फाटक आलं तेव्हा थांबले, खांदा बदलला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"शिकली, बाई. आता नांदंल ती."